मौजे घाटकोपर-किरोळ: गाव कोणतं, पालिका कोणती आणि समोरचा रस्ता कोणाचा

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घाटकोपर पूर्वेतल्या एका सोसायटीला पन्नास वर्षं होताहेत आणि त्यानिमित्त स्मरणिका काढायची आहे. जुनी मंडळी सांगतात की इथे पूर्वी आपली स्वतंत्र नगरपालिका होती. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, ‘मौजे घाटकोपर-किरोळ, तालुका कुर्ला’ असं आहे आणि मालमत्ता कराच्या बिलावर ‘एन’ वॉर्ड. तहसीलदाराकडून बिनशेती साऱ्याची नोटीस वेगळीच येते. गेटसमोरच्या रस्त्याची तक्रार केली की ‘हा रस्ता आमच्या ताब्यात नाही’ असं वॉर्डातून लिहून येतं. तर इतिहास कुठून काढायचा, आणि रस्ता कोणाचा हे कसं शोधायचं?

तुम्ही हे दोन प्रश्न म्हणून विचारलेत, पण ते एकच आहेत. उपनगराचं नाव एक असतं आणि त्याखाली हद्दी पाच-सहा असतात. महसुली गावाची, जुन्या नगरपालिकेची, नगररचना योजनेची, आजच्या वॉर्डाची, निवडणुकीच्या प्रभागाची आणि पोस्टाची. या हद्दी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कायद्यांखाली आखल्या गेल्या आणि नवी आखताना जुनी पुसली गेली नाही. तुमच्या नोटिशीवर तहसीलदार आहे, बिलावर वॉर्ड आहे आणि रस्त्यावर कोणीच नाही, ते यामुळे. यातली सगळ्यांत जुनी हद्द मौजेची, म्हणजे महसुली गावाची. जमिनीचा प्रत्येक कागद आजही तिच्याच खुंटीला टांगलेला आहे. म्हणून इतिहास लिहायचा असो की खड्डा बुजवून घ्यायचा असो, सुरुवात मौजे आणि नगर भूमापन क्रमांक, म्हणजे आपण ज्याला सीटीएस नंबर म्हणतो, तिथून करायची.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. रस्त्याचं उत्तर जागेवर अवलंबून आहे. तुमचा भूखंड जुन्या नगररचना योजनेतला आहे, पंतनगरसारख्या म्हाडाच्या अभिन्यासातला (म्हणजे आखलेल्या वसाहतीतला) आहे, गावठाणालगतचा आहे की एखाद्या जमीनमालकाने पाडलेल्या खासगी लेआउटमधला, यानुसार चार वेगळी उत्तरं निघतात. कागद न पाहता कोणी ठाम सांगत असेल तर ऐकून घ्या, पण अर्जात घालू नका.

आता इतिहास. स्मरणिकांमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे मुंबई शहराचा इतिहास उचलून उपनगराला चिकटवणं. ‘सात बेटं, पोर्तुगिजांनी इंग्रजांना दिलेलं १६६१ चं आंदण, १६६८ मध्ये कंपनीकडे’ ही कथा माहीम आणि शीवच्या दक्षिणेची, म्हणजे शहराची. घाटकोपर हे साष्टी बेटावरचं, आणि साष्टी त्या आंदणात नव्हती. १५३४ च्या वसईच्या तहाने ती पोर्तुगिजांकडे गेली आणि १६६१ नंतरही त्यांच्याकडेच राहिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला १७७४ च्या डिसेंबरात घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. म्हणजे शहर आणि उपनगर यांच्यात इंग्रजी अंमलाचंच शंभराहून अधिक वर्षांचं अंतर आहे, आणि मराठी अंमलाची साडेतीन दशकं शहराच्या वाट्याला आलीच नाहीत. हे दोन परिच्छेदांत नीट लिहिलंत तरी स्मरणिका इतरांपेक्षा वेगळी होईल.

याचा परिणाम आजही दिसतो. शहरात जमिनीला सीएस (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर असतो, उपनगरात सीटीएस नंबर. शहराचा जमीन महसूल १८७६ च्या स्वतंत्र कायद्याने चालत आला. उपनगरं ठाणे जिल्ह्याचा भाग असल्यामुळे बाकीच्या महाराष्ट्रासारखी सर्व्हे नंबर, हिस्सा, सातबारा या पद्धतीतून आली आणि आता १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली आहेत. बिनशेती साऱ्याचं मूळ इथे आहे. त्यावर पुढे येतो.

स्वतंत्र नगरपालिकेबद्दल तुमची जुनी मंडळी बरोबर सांगतात. १८८८ चा मुंबई महानगरपालिकेचा कायदा झाला तेव्हा तो माहीम-शीवपर्यंतच लागू होता. पलीकडे वांद्र्याची नगरपालिका १८७६ पासून होती. पुढे कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ अशा नगरपालिका होत्या आणि उरलेल्या गावांत ग्रामपंचायती. तुमच्या नगरपालिकेचं नाव जोडगावाचं होतं, आणि मिळकत पत्रिकेवर दिसणारी जोडीही तीच. किरोळ हे नाव आज बोलण्यात फारसं उरलेलं नाही. विद्याविहार पश्चिमेला किरोळ गावठाण आहे तेवढंच. पण कागदावर ते पुसलं गेलेलं नाही.

१९२० मध्ये ठाण्यातून दक्षिण साष्टी काढून मुंबई उपनगर जिल्हा केला गेला. १५ एप्रिल १९५० रोजी महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत वाढली. घाटकोपर-किरोळ नगरपालिका त्या दिवशी बृहन्मुंबईत विरघळली. १ फेब्रुवारी १९५७ ला हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. मधला बराच काळ बृहन्मुंबई हा एकच महसूल जिल्हा होता. १ ऑक्टोबर १९९० ला त्याचे शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे झाले. उपनगर जिल्ह्याचं मुख्यालय वांद्रे पूर्वेला, तालुके तीन: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. तालुका कुर्ला असला तरी तहसीलदार कचेरी मुलुंडला आहे. पहिल्यांदा जाणारे लोक कुर्ल्यात चौकशी करत फिरतात, त्यात अर्धा दिवस जातो.

जुनी हद्द पाहायची असेल तर नकाशा लागत नाही, विजेचं बिल पुरतं. बेस्टची बस पार दहिसर-मुलुंडपर्यंत धावते, पण बेस्टची वीज माहीम आणि शीवला थांबते. तुमच्याकडे अदानी किंवा टाटाचं बिल येतं, आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरणचं. १९५० पूर्वीच्या शहराची कड अशी तारांमध्ये शाबूत आहे. स्मरणिकेला चौकट हवी असेल तर ही घ्या, वाचणारा आपलं बिल काढून बघेल. याच्या उलट गंमत पाण्याची. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, पवई १८९१ चा. तिन्ही साष्टीत, पण बांधले शहराच्या पाण्यासाठी, म्हणजे उपनगरं शहरात यायच्या कितीतरी आधी.

कागद शोधताना लोक मुंबई शहराचं गॅझेटियर उघडतात, त्यात घाटकोपरला काहीच सापडत नाही म्हणून निराश होतात. उघडायचं ते १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, कारण गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात, साष्टी तालुक्यात होतं. इंग्रजी कागदांत घाटकोपर आणि किरोळ दोन्हींची स्पेलिंगं वेगवेगळी सापडतात; एकच धरून शोधलंत तर निम्मे उल्लेख सुटतील. १९२० आधीच्या गोष्टींसाठी ‘ठाणे’ शोधायचं, नंतरच्यांसाठी ‘मुंबई उपनगर जिल्हा’, १९५० नंतर ‘बृहन्मुंबई’. राज्याच्या पुराभिलेख विभागात, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, महसूल आणि नगरपालिकांविषयीचा पत्रव्यवहार मिळतो. तिथे जाताना गावाचं नाव, तालुका आणि अंदाजे साल हे तिन्ही हातात असू द्या. नुसतं ‘घाटकोपरचा इतिहास’ म्हणून कोणी फाइल काढून देत नाही. मराठी मजकुरासाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ पासूनचं, हाताशी आहे.

नगरपालिकेच्या काळचे कागद हाती लागले तर करांच्या नावांकडे लक्ष द्या. घरपट्टी, पाणीपट्टी, आणि ‘हलालखोर’ कर. हा तिसरा म्हणजे मैला वाहून नेण्याचा कर, आजच्या मलनिःसारण कराचा पूर्वज. आता तुमच्या सोसायटीचं ताजं बिल शेजारी ठेवा: सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर, पथ कर. यातला राज्य शिक्षण आणि रोजगार हमीचा पैसा पालिकेचा नाहीच, ती तो राज्यासाठी फक्त गोळा करते. दोन बिलं शेजारी छापलीत तर स्थानिक कारभार कसा वाढला यावर वेगळा लेख लिहायची गरज उरणार नाही.

नावाच्या व्युत्पत्तीबद्दल जपून. ‘घाटाच्या कोपऱ्यावरचं म्हणून घाटकोपर’ असं सगळीकडे सांगतात. ऐकायला बरं आहे. लिहायचंच असेल तर ‘असं म्हणतात’ जोडून लिहा. ठाम विधान करू नका.

आता कागदाकडे वळू, कारण रस्त्याचं उत्तर तिथे आहे. पहिला कागद मिळकत पत्रिका. ऑनलाइन डिजिटल सहीची मिळते, पण इतिहासासाठी ती अपुरी पडते, कारण जुने फेरफार संक्षिप्त असतात आणि काही ओळी टंकताना गळलेल्या असतात. घाटकोपरच्या नगर भूमापन कार्यालयातून हस्तलिखित पत्रिकेची नक्कल घ्या. तिच्यावर क्षेत्र चौरस मीटरमध्ये, सत्ता प्रकार (जमीन कोणत्या हक्काने धरली आहे ते), धारक, पट्टेदार, इतर भार आणि तारीखवार फेरफार असतात. धारकाच्या रकान्यात तुमच्या सोसायटीचं नाव नसून अजून मूळ जमीनमालक किंवा विकासकच असेल, तर अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याचं कन्व्हेयन्स, राहिलेलं आहे. पन्नाशीच्या स्मरणिकेपेक्षा ते काम तातडीचं आहे, हे स्पष्टच सांगतो.

त्याच कार्यालयात दुसरा एक कागद मागा, जो फार थोडे लोक मागतात: चौकशी नोंदवहीचा उतारा. नगर भूमापन झालं तेव्हा प्रत्येक नव्या सीटीएस नंबरासाठी चौकशी अधिकाऱ्याने जुना सर्व्हे नंबर व हिस्सा कोणता, ताबा कोणाचा, हक्क कशावरून, हे लिहून निर्णय दिला. शेत ते भूखंड हा सांधा फक्त इथे सापडतो. जुना सर्व्हे नंबर कळला की त्यावरून तहसीलकडे जुने सातबारे आणि फेरफार मागता येतात, आणि तिथून शेत कसणाऱ्यापर्यंत पोचता येतं. मागे जाताना ‘खोत’ किंवा इनामदार म्हणून एखादं मोठं नाव आलं तर दचकू नका. साष्टीतली गावंच्या गावं इंग्रजांनी अशी दिलेली होती. १९५१ च्या साष्टी इस्टेट कायद्याने त्यांची महसूलमाफी गेली आणि १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी उपयोगात न आणलेली पडीक जमीन सरकारजमा झाली. आजही अनेक भूखंडांवर ‘जमीन सरकारी की खासगी’ हा वाद या एका तारखेवर अडतो.

गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो, तो शेतजमिनीचा कागद. त्यामुळे किरोळ गावठाणातल्या कोणाकडे सातबारा नाही म्हणून त्याचा हक्क कच्चा, असं समजू नये. तिथे नगर भूमापनाची पत्रिका आणि चौकशी नोंदवही हेच पुरावे.

जुन्या दस्तांत क्षेत्र एकर-गुंठे किंवा चौरस वारात असतं. १ एकर म्हणजे ४० गुंठे, १ गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, १ चौरस वार म्हणजे ०.८३६१ चौरस मीटर. रूपांतर केल्यावर दोन-चार टक्के फरक आला तर तो मोजणीचा असू शकतो. दहा टक्क्यांवर गेला तर बहुधा मधे रस्त्यासाठी जमीन गेलेली असते. मग नगररचना योजना पाहायची वेळ आली.

हा भाग नीट समजून घ्या. १९१५ च्या नगररचना कायद्याखाली वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले, घाटकोपर अशा उपनगरांत नगररचना योजना आखल्या गेल्या. पद्धत अशी की वेडीवाकडी शेतं एकत्र धरायची, त्यातून सरळ रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या, आणि प्रत्येक मालकाला मूळ भूखंडाच्या बदल्यात थोडा लहान पण चौकोनी, रस्त्याला लागून असलेला अंतिम भूखंड द्यायचा. मालकाची जमीन थोडी कमी झाली, किंमत वाढली, आणि वाढीचा काही भाग अंशदान म्हणून वसूल झाला. म्हणून घाटकोपर पूर्वेच्या काही भागांत गल्ल्या काटकोनात आहेत आणि शेजारच्याच भागात पायवाटेसारख्या वळतात. योजनेची हद्द पायाखाली ओळखू येते ती अशी. या योजनांत भूखंडाला अंतिम भूखंड क्रमांक असतो, म्हणजे एकाच जमिनीला सीटीएस आणि एफपी असे दोन नंबर. दोन्हींचं क्षेत्र बरेचदा जुळत नाही. ही तफावत पुनर्विकासाच्या वेळी वर येते आणि वर्षभर फाइल अडवते, म्हणून आत्ताच जुळवून घ्या.

तुम्ही योजनेत आहात की नाही हे महापालिकेच्या डीपी रिमार्कवरून, म्हणजे विकास आराखड्यात तुमच्या भूखंडाबद्दल काय आहे ते सांगणाऱ्या दाखल्यावरून, कळतं. अर्ज ऑनलाइन होतो. वॉर्ड, मौजे आणि सीटीएस नंबर भरायचा. इथे मौजे चुकलं की सगळं चुकतं, कारण तोच सीटीएस नंबर शेजारच्या गावातही असतो. घाटकोपर, किरोळ आणि घाटकोपर-किरोळ यांतलं नेमकं कोणतं, ते पत्रिकेवर जसं आहे तसंच निवडा. स्टेशनच्या नावावरून ठरवू नका. पवईत राहणाऱ्याची जमीन मौजे तिरंदाज किंवा कोपरीत असू शकते, सांताक्रूझ पूर्वेच्या मोठ्या भागाचं गाव कोलेकल्याण आहे आणि गोरेगावातल्या कितीतरी इमारती मौजे पहाडीत आहेत. पिनकोडचा तर जमिनीशी काही संबंधच नाही. ४०००७५, ४०००७७ आणि ४०००८६ ही पोस्टाची सोय आहे.

रिमार्कवर समोरच्या रस्त्याची रुंदी लिहिलेली असते आणि ती विचित्र दिसते: ९.१५, १२.२०, १३.४०, १८.३०, २७.४५ मीटर. हे जुने फूट आहेत, मीटरमध्ये घातलेले. ३०, ४०, ४४, ६० आणि ९० फूट. म्हणजे लोक ज्याला ‘९० फूट रोड’ म्हणतात तो कागदावर २७.४५. आता टेप घेऊन जागेवर रुंदी मोजा. कागदावर १३.४० आणि जागेवर नऊ मीटर भरलं, तर उरलेली जमीन अजून कोणाच्या तरी पत्रिकेत आहे आणि रस्ता पूर्ण संपादित झालेला नाही. वॉर्डाच्या ‘ताब्यात नाही’ या उत्तराचं हे एक खरं कारण असू शकतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: पत्रिकेवरून मौजे आणि सीटीएस, चौकशी नोंदवहीवरून जुना सर्व्हे नंबर, डीपी रिमार्कवरून योजना आणि रस्त्याची रुंदी. हे तीन कागद हातात आल्याशिवाय पुढचा अर्ज करू नका.

रस्ता कोणाचा याच्या शक्यता आता मोजक्या उरतात. नगररचना योजनेतला रस्ता असेल तर तो महापालिकेचा, वाद नको. योजनेचा क्रमांक आणि रस्त्याची रुंदी अर्जात लिहिली की सहसा टोलवाटोलवी थांबते. विकास आराखड्यातला असेल पण संपादन व्हायचं असेल, तर जितका भाग ताब्यात आहे तितक्याची जबाबदारी पालिकेची. बाकीच्यासाठी संपादन किंवा रस्तारेषा आखणं, म्हणजे १८८८ च्या कायद्याचं कलम २९७, हा लांबचा मार्ग. म्हाडाच्या वसाहतीतला अंतर्गत रस्ता असेल तर तो पालिकेकडे हस्तांतरित झाला का, हे म्हाडाला विचारायचं. म्हाडा आपल्या अभिन्यासांसाठी २०१८ पासून स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे, त्यामुळे तिथे इमारतीची परवानगीही पालिकेची नसते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत असेल तर एसआरएला, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाला, विचारायचं. पूर्व द्रुतगती मार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून पालिकेकडे आला, त्यामुळे त्याच्या कडेच्या सर्व्हिस रोडसाठी जुनी उत्तरं आता चालत नाहीत. रेल्वेच्या भिंतीलगतची पट्टी बहुधा रेल्वेची.

राहिली सगळ्यांत त्रासदायक शक्यता, खासगी रस्ता. पन्नास-साठ वर्षांपूर्वी जमीनमालकाने लेआउट पाडला, आत रस्ता सोडला, भूखंड विकले आणि रस्ता पालिकेला दिलाच नाही. पत्रिकेवर तो रस्ता अजूनही त्याच्याच किंवा त्याच्या वारसांच्या नावे असतो, कधी वेगळा सीटीएस नंबर घेऊन. पालिका अशा रस्त्यावर आपणहून डांबर टाकत नाही, आणि तिचंही बरोबर आहे. १८८८ च्याच कायद्यात दोन वाटा आहेत. कलम ३०५ खाली आयुक्त लगतच्या मालकांना रस्ता नीट करायला सांगू शकतात. कलम ३०६ खाली, रस्ता समतल, फरसबंद, गटारबद्ध झालेला असेल तर तो सार्वजनिक जाहीर होऊ शकतो. व्यवहारात याचा अर्थ, लगतच्या सगळ्या सोसायट्यांनी एकत्र ठराव करून, रस्त्याच्या पत्रिकेची नक्कल जोडून, सहायक आयुक्तांकडे अर्ज करायचा. एका सोसायटीने केलेला अर्ज टिकत नाही. एखाद्याच सभासदाचा विरोध असेल तरी आधी तो मिटवा, कारण रुंदी कमी भरत असेल तर कोणाच्या तरी कुंपणाची भिंत मागे घ्यावी लागते आणि तिथेच सगळं फिसकटतं.

वॉर्डात कोणाकडे जायचं, हेही लोकांना नीट माहीत नसतं. वॉर्डाचा प्रमुख सहायक आयुक्त, त्याच्यावर परिमंडळाचा उपायुक्त. लहान रस्ते, पदपथ, गल्लीतली गटारं परिरक्षण खात्याकडे. अनधिकृत बांधकाम इमारत व कारखाने खात्याकडे. कचरा घनकचरा व्यवस्थापनाकडे, पाणी जल खात्याकडे, मोठे नाले पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे, मोठे रस्ते रस्ते खात्याकडे. नवीन इमारतीची परवानगी वॉर्डात मिळतच नाही, ते इमारत प्रस्ताव खातं वेगळं. तक्रार पालिकेच्या १९१६ या फोन नंबरवर नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या, पण नुसत्या त्या क्रमांकावर थांबू नका. ‘आमच्या गेटसमोर’ असं न लिहिता रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, लांबी, लगतचे सीटीएस नंबर आणि डीपी रिमार्कचा दिनांक लिहा. एवढं असलं की ‘ताब्यात नाही’ म्हणणाऱ्यालाही मग कोणाच्या ताब्यात, ते लिहावं लागतं.

नगरसेवकाचा उपयोग होतो, पण कशाला होतो ते समजून घ्या. मुंबईत अंमलबजावणीचे अधिकार आयुक्ताकडे आहेत आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. सभागृह, स्थायी समिती आणि प्रभाग समित्या धोरण, पैसा आणि देखरेख पाहतात. काही वॉर्डांची स्वतंत्र प्रभाग समिती असते, काही वॉर्ड मिळून एक. ७ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकांनीच कारभार पाहिला; त्या काळातले निर्णय शोधताना स्थायी समितीचं इतिवृत्त शोधू नका, ठराव प्रशासकाचे आहेत. आणखी एक, वॉर्डाचं अक्षर सहसा टिकतं, प्रभागाचा क्रमांक मात्र फेररचनेत बदलतो. स्मरणिकेत ‘प्रभाग क्रमांक अमुक’ लिहायचं तर साल जोडून लिहा, नाहीतर दहा वर्षांनी वाचणारा भलत्याच वस्तीत जाईल.

बिनशेती साऱ्याची नोटीस. मालमत्ता कर भरतो मग हा सारा कशाला, असं प्रत्येक सोसायटी विचारते. मालमत्ता कर पालिकेचा, १८८८ च्या कायद्याखाली. बिनशेती सारा जमिनीचा महसूल, राज्याचा, १९६६ च्या संहितेखाली. जमीन कधीकाळी शेती होती आणि ती वेगळ्या वापराखाली आली याचा तो आकार. जुन्या सालांसाठी दोन्ही एकाच वेळी लागू असू शकतात. या साऱ्याच्या दरांना आणि वसुलीला सरकारने वेळोवेळी स्थगिती दिली आहे, म्हणून नोटीस आली की भरायच्या आधी तीन गोष्टी तपासा: मागणी कोणत्या सालांची, क्षेत्र पत्रिकेप्रमाणे की रस्त्यात गेलेली जमीनही धरून, आणि त्या सालांना स्थगिती होती का. रस्त्यात गेलेलं क्षेत्र वजा न केल्याने मागणी फुगलेली असणं ही नेहमीची चूक. डीपी रिमार्क आणि पत्रिका जोडून तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मालमत्ता कराची पावती मात्र मालकीचा पुरावा म्हणून कुठेही लावू नका, ती फक्त कर भरल्याचा पुरावा आहे.

शेवटी माहिती अधिकार. कागद तोंडी मागून मिळाले नाहीत तर हाच मार्ग. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत, प्रतींचे पानाला २ रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. रस्ता, नगरपालिकेचे ठराव आणि कराची थकबाकी एकाच अर्जात घातलीत तर तो परत येईल. तीन वेगळे अर्ज करा. प्रश्न ‘का’ने सुरू करू नका, कारण मत मागता येत नाही, कागद मागता येतो. ‘रस्ता का दुरुस्त केला नाही’ याला उत्तर येणार नाही. ‘अमुक रस्ता महापालिकेच्या ताब्यात असल्याची किंवा नसल्याची नोंद असलेल्या पानाची साक्षांकित प्रत द्यावी’ याला यावं लागतं. १९५० पूर्वीच्या घाटकोपर-किरोळ नगरपालिकेच्या कागदांबाबत मागताना ‘इतिहास’ हा शब्द टाळा. ‘करआकारणी नोंदवही’, ‘सभेचे इतिवृत्त’ अशी नोंदवहीच्या नावाने आणि सालाने मागणी करा. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर अपिलात विचारा, तो कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने नष्ट केला. नष्ट केल्याची नोंद ठेवावी लागते, आणि ती शोधायला बसल्यावर हरवलेले कागद अनेकदा सापडतात.